वाकडा पडदा

राणीसावरगावात मॉनिटर या विषयावर अधिकारवाणीनं बोलू शकेल असा एकच माणूस होता, आणि त्याचं ऐकून घ्यायला गावात कुणी नव्हतं. मेंढरंवाल्या भुजंगाचा रामप्रसाद. सकाळी बाप मेंढरं घेऊन माळाकडं निघाला की हा पडवीतल्या टेबलाशी बसायचा आणि मोबाईलवर एकामागून एक व्हिडिओ बघायचा. कुठला मॉनिटर सेकंदाला साठ वेळा चित्र बदलतो, कुठला एकशे चव्वेचाळीस वेळा, कुठला दोनशे चाळीस. कुणाचे रंग खरे, कुणाचा काळा खरंच काळा, कुणाचा पडदा सपाट आणि कुणाचा आत वळलेला. तीन मॉनिटर त्यानं मनात धरले होते आणि त्या तिघांत तो असा घुटमळत होता, की लग्नाला मुलगी बघतानाही एवढा घुटमळला नव्हता. अर्थात लग्नाला त्यानं मुलगी बघितलीच नव्हती. मामाची सविता होती, आणि ती जन्मल्यापासून त्याचीच होती.

वाचणाऱ्याला हसू येईल, पण रामप्रसादसाठी हा पोटाचा प्रश्न होता. मेंढरंवाल्याच्या घरात हातीपायी धड असलेल्या तरण्याबांड पोराला काठी मिळत नसेल, तर त्याला घरात दुसरं काम काय? आणि रामप्रसादच्या हातातली काठी बापानं काढून घेतली होती. दोन वर्षांमागची गोष्ट. दिवस मावळायला मेंढरं घेऊन तो एका शेतकऱ्याच्या रानातून येत होता. वाटेच्या उजव्या अंगाला कठडा नसलेली विहीर. सगळ्या गावाला ठाऊक, त्यालाही ठाऊक. तरी मेंढरं तिच्याकडं सरकली ते त्याला कळलं नाही, आणि एक मेंढी दोन कोकरांसकट आत गेली. भुजंगानं तिथंच, विहिरीच्या काठावर, त्याच काठीनं त्याला झोडपलं. गाव म्हणालं, पोराचं ध्यान मोबाईलात होतं. केवळाबाई, त्याची आई, तिनंही तेच म्हटलं. आणि सगळे एवढ्या ठामपणे म्हणतात म्हटल्यावर रामप्रसादलाही वाटायला लागलं की मोबाईल हातात असणारच. नव्हता, हे त्याला पुसटसं आठवत होतं, पण मग मेंढरं दिसली कशी नाहीत?

तेव्हापासून तो घरी. उंबऱ्याला ठेचकाळणारा, भरली कळशी लवंडणारा, धांदरट. एका गोष्टीत मात्र तो धांदरट नव्हता. पाच जणांनी पाच जणांवर गोळीबार करायचा तो कॉम्प्युटरवरचा खेळ. त्यात समोर आलेला गडी त्याच्या हातून सुटायचा नाही. गंगाखेडला एक कॉम्प्युटर क्लास बंद पडला, तिथला जुना कॉम्प्युटर आणि डबड्यासारखा छोटा मॉनिटर त्यानं आणला होता आणि त्याच्यावर खेळून खेळून तो पुण्याच्या एका टीमच्या निवडीपर्यंत पोचला होता. निवड झाली तर राहायला जागा, खायला जेवण आणि महिन्याच्या महिन्याला पगार. टीमचं सगळं बघणाऱ्या संघप्रिया मॅडमनी स्वतः फोन केला.

"तुमचा नेम आमच्या मुलांपेक्षा चांगला आहे," त्या म्हणाल्या. "समोरचा तुमच्या तावडीतून सुटत नाही. पण बाजूनं येणारा प्रत्येक जण तुम्हाला मारून जातो. स्क्रीन कोणता आहे तुमचा?"

"जुना हाय मॅडम. साठवाला."

"मग तेच असेल. महिनाअखेरीला परत खेळा, जरा चांगल्या स्क्रीनवर."

बाईंनी ते चांगल्या मनानं सांगितलं. पण "मग तेच असेल" हे रामप्रसादनं देवाच्या कौलासारखं उचललं. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याच्या चुकीला त्याच्याबाहेरचं कारण मिळालं होतं. बाजूनं येणारा दिसत नाही कारण चित्र उशिरा बदलतं. दोष पडद्याचा.

जेवताना त्यानं विषय काढला. भुजंगानं भाकरी मोडता मोडता सगळं ऐकून घेतलं. कळपासाठी एडका विकत घेताना तो जसं तोंड उघडून दात बघायचा, तसं त्यानं मॉनिटरचंही तोंड उघडलं.

"ह्या पडद्यात आन् त्या पडद्यात फरक काय म्हनलास?"

"आबा, ह्यो सेकंदाला साठ चित्रं दाखवतो. त्यो दोनशे चाळीस."

"आन् मानसाला दिसतेत किती?"

व्हिडिओवाले ह्याच प्रश्नावर तासन् तास भांडत होते. "दिसतेत आबा. गडी सरकतो का उड्या मारतो, ते कळतं."

"आन् हे वाकडं कामून?"

"कडा आपल्याकडं वळत्यात. कडंचं बी नजरंत राहतं."

"नाचता येईना, अंगण वाकडं," केवळाबाई चुलीपासून म्हणाली. "ह्याला तर वाकडंच अंगण पाहिजेल, आन् ते बी पैसे देऊन."

दीपिका, त्याची धाकटी बहीण, खुदकन हसली. सविता हसली नाही. तिला सहावा संपत आला होता आणि ती भिंतीला टेकून हळूहळू जेवत होती.

आता पैशाचं. भुजंगाच्या घरात पोर जन्मलं की बारशाला त्याच्या नावानं एक मादी कोकरू काढायचे, त्याच्या कानाला निळा दोरा ओवायचे आणि पोराचा हात त्या कोकराच्या पाठीवर ठेवायचे. त्या कोकराचा पुढचा सगळा विस्तार त्या पोराचा. बापानंही त्याला न विचारता विकायचा नाही. दुष्काळात भुजंगानं आपल्या नावाची मेंढरं विकली, बायकोच्या नावाची विकली, पण पोरांच्या निळ्या दोऱ्याला हात लावला नाही. रामप्रसादच्या नावाची आता मेंढरांच्या वाडग्यात चांगली डझनभर होती. येणाऱ्या लेकराला ह्यातलंच एक कोकरू द्यायचं, असं भुजंगानं मनात धरलं होतं.

"मेंढरं तुपल्या नावाची हायत," भुजंग हात धुता धुता म्हणाला. "मला इचारू नको. तूच ठरव. निस्तं एवढं बघ, की जे घ्यायलास ते कामाचं हाय का शोभेचं."

रागावला असता तर बरं झालं असतं. असं सरळ हातात दिल्यावर रामप्रसादला ते जड झालं. दुसऱ्या दिवशी मेंढरं निघायच्या आधी तो वाडग्याच्या जाळीपाशी उभा राहिला. निळे दोरे त्यानं एकेक करून शोधले. साठवाल्यावरच खेळावं का? एकशे चव्वेचाळीसवाला घ्यावा, निम्मी मेंढरं वाचतील? पण मग त्या शंभर चित्रांच्या फरकात एखादा गडी बाजूनं आला तर? जन्मभर वाटत राहील, की चार मेंढरांपायी गेलं. माणूस एकदा असा हिशेब मांडायला लागला की महागातलीच वस्तू घेऊन उठतो, हे दुकानदारांना फार आधीपासून माहीत आहे.

शेवटी सविताच म्हणाली. शेणाचं घमेलं खाली ठेवून, कमरेवर हात देऊन ती त्याच्याजवळ आली.

"घ्या तुमी. सगळ्यात चांगला हाय तोच घ्या."

"लेकराचं कोकरू?"

"आबा देतील कुठलं बी. लेकराला कोकरू मिळंल, पन बाप असा घरात बसलेला मला बघवत न्हाई." तिचे डोळे भरून आले होते. "लोक माझ्याकडं बघून हसतेत. तुमाला ठाव न्हाई."

पुढच्या बाजारात भुजंगानं निळ्या दोऱ्याची मेंढरं नेली. दोन म्हाताऱ्या मेंढ्या तेवढ्या राहिल्या, त्यांना कुणी भाव दिला नाही.

परभणीला मॉनिटर आणायला रामप्रसादबरोबर दीपिका गेली. एस.टी.त खोकं धरायला माणूस पाहिजे होतं. दुकानदार माणिकराव म्हणून एक शांत गृहस्थ होते. त्यांनी तिन्ही मॉनिटर शेजारी शेजारी लावले आणि तिन्हींवर एकच चित्र सोडलं. एक चेंडू या टोकाकडून त्या टोकाकडं जातो. साठवर तो तुटक तुटक गेला, एकशे चव्वेचाळीसवर सरळ, आणि दोनशे चाळीसवर तर लोण्यावरून घसरल्यासारखा. रामप्रसाद पुढं झुकला. फरक होता! तो त्याला दिसत होता! म्हणजे त्याचे डोळे बरोबर होते आणि पडदा चुकीचा होता. त्याला दुकानातच रडू येईल असं वाटलं.

"खेळायचं असेल तर हा चोवीस इंची सपाट घ्या," माणिकराव म्हणाले. "मोठे खेळाडू छोटाच घेतात. सगळा पडदा एका नजरेत बसतो. वाकडा मोठा मॉनिटर दिसायला भारी, पण मान फिरवावी लागते."

विकणारा माणूस महाग सोडून स्वस्त घ्या म्हणत होता. शहाण्यानं तिथंच ऐकावं. पण रामप्रसादच्या डोक्यात कडा बसल्या होत्या. बाजूनं येणारा मारतो, तर बाजू मोठी पाहिजे, वळलेली पाहिजे, जवळ पाहिजे. "वाकडाच द्या," तो म्हणाला.

"दादा, लय मोठा हाय रे," दीपिका कुजबुजली. "टेबलावर मावंल का?"

तो मावला, कसाबसा. दुकानातून निघताना खोक्यासकट रामप्रसाद उभ्या रिक्षावर आदळला. रिक्षावाला ओरडला, "एवढी रिक्षा दिसंना का राव?" खोकं आडवं आलं, असं रामप्रसादनं सांगितलं, आणि खोकं खरंच मोठं होतं.

महिनाअखेरीची दुपार. घरात दीपिका आणि सविता दोघीच होत्या. दीपिका स्टूल घेऊन त्याच्या शेजारी बसली. नव्या पडद्यावर खेळाचं गाव असं काही उजळून निघालं, की सविताही क्षणभर दारात थांबली. भिंतीवरची विटन् वीट दिसत होती. रामप्रसादनं हेडफोन कानाला लावला, संघप्रिया मॅडमना नमस्कार केला आणि खेळ सुरू झाला.

समोरचा पहिला गडी त्यानं पापणी लवायच्या आत टिपला. दुसराही. मग तो मेला. कुणी मारलं, कुठून मारलं, कळलं नाही. पुढच्या डावात पुन्हा तेच. शत्रूच्या अंगाभोवती लाल रेघ असते, ती दिसली की गोळी घालायची. त्याला लाल रेघ दिसायची ती थेट नाकासमोर आल्यावर, आणि तोवर तो मेलेला असायचा. जुन्या डबड्यावर तो दोन डावांत एकदा मरायचा, तर इथं दर डावाला मरायला लागला.

"दादा, डावीकडं लाल," दीपिका म्हणाली.

"कुठंय?"

"आरं डावीकडं! केव्हाचं उभं हाय ते. मेलास बघ."

"लाल न्हवतंच तिथं."

"न्हवतं कसं? मला इथून दिसायलंय."

त्यानं मान वळवली. लाल होतं.

खेळ संपला. संघप्रिया मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "रामप्रसाद, मागच्या वेळेपेक्षा कमी झालंय. मला वाईट वाटतंय, पण यावेळी नाही जमणार." त्यानं "बरं मॅडम" म्हटलं आणि हेडफोन काढून ठेवला. सविता दारातून आत निघून गेली.

दीपिका मात्र हलली नाही. ती भावाच्या तोंडाकडं टक लावून बघत होती.

"दादा, समोर बघ. पडद्याच्या मधल्या त्या फुलीकडं बघ. मान हलवू नको."

ती चुलीपासून एक लिंबू घेऊन आली आणि ते त्याच्या डाव्या कानाच्या मागून हळूहळू पुढं आणायला लागली. "दिसलं की सांग."

रामप्रसाद फुलीकडं बघत बसला. बाहेर कोंबडी ओरडत होती. बराच वेळ गेला. "आण की," तो म्हणाला.

"आनलंय दादा."

"कुठंय?"

"तुझ्या गालासमोर हाय. दिसंना?"

लिंबू नाकाच्या शेंड्याजवळ आल्यावर कुठूनसं उगवल्यासारखं पिवळं झालं. उजवीकडूनही तसंच. तिनं पुन्हा एकदा केलं, आणि मग तिच्या हातातून लिंबू खाली पडलं. ते घरंगळत कुठं गेलं, ते रामप्रसादला दिसलं नाही. त्याला विहीर आठवली. कळशी आठवली. रिक्षावाला आठवला. पडद्याचा दोष नव्हता. धांदरटपणाचाही नव्हता, मोबाईलचाही नव्हता.

"कुनाला सांगू नको," तो दीपिकाला म्हणाला. पोरीनं मान हलवली, आणि संध्याकाळच्या आत सविताला सगळं सांगितलं.

त्याच आठवड्यात आश्रुबा मामा आला, सविताला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी न्यायला. केवळाबाईचा थोरला भाऊ, सविताचा बाप, राहायला गंगेकाठी, म्हणजे गोदावरीच्या काठाला, गंगाखेडच्या अलीकडं. पार आंधळा. पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवून एस.टी.तून उतरला. चाळिशीच्या आत त्याला एडक्यानं डोक्यात ढुशी मारली आणि डोळे गेले, ही गोष्ट घरात इतक्या वेळा सांगून झाली होती, की रामप्रसादला तो एडका डोळ्यांपुढं दिसायचा. केवळाबाई त्या एडक्याला अजून शिव्या द्यायची.

मामा पडवीत टेकला. चालू पडद्याची ऊब तोंडाला लागली तसं त्यानं तिकडं तोंड केलं.

"ह्योच का रे तुझा पडदा? लय भारी म्हनं. कसं दिसतंय त्याच्यावर?"

जवळ कुणी नाही असं बघून रामप्रसादनं विचारलं, "मामा, तुमाला आधी काय दिसंना झालं?"

आश्रुबा हसला. इतक्या वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. सगळ्यांना एडका पुरत होता.

"आधी रातीचं गेलं. मग कडंचं गेलं. दोन मुठी एकाला एक लावून त्यातून बघतेत न्हाई का, तसं. मधलं बेस दिसायचं, अगदी सुईत दोरा ओवायचो मी. मग मूठ आवळत गेली."

"आन् एडका?"

"एडक्यानं मारलं ते खरंच हाय." मामानं हात चाचपडत त्याचा गुडघा धरला. "पन त्यो कडंनं आला ना बाबा. मला दिसला न्हाई, म्हनून मारलं. डोळे त्याच्या आधीच चालले व्हते. कुनाला सांगावं? सविताच्या मायनं सोडून दिलं असतं. एडक्याचं निमित्त बरं झालं." मग एकदम त्याचा हात थांबला. "तू कामून इचारायलास?"

रामप्रसाद गप्प राहिला. आंधळ्या माणसाला गप्प राहणं ऐकू येतं. आश्रुबाचं तोंड हळूहळू कसनुसं झालं आणि त्यानं "पांडुरंगा" म्हणत दोन्ही हातांनी डोकं धरलं.

मामानं भुजंगाला सांगितलं आणि आपलं जाणं लांबवलं. परभणीला डोळ्यांच्या डॉक्टरकडं रामप्रसादला भुजंग स्वतः घेऊन गेला. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातले, आत उजेड टाकून बराच वेळ बघितलं, मशिनीपुढं बसवलं. मग भुजंगाला विचारलं, "तुमचं लग्न नात्यात झालंय का?"

"जी साहेब. मामाची केली मी," भुजंग अभिमानानं म्हणाला. "आमच्यात तसंच हाय. घरातलं घरात ऱ्हातं."

"आणि मुलाचं?"

"त्याला बी त्याच्या मामाची दिली. आश्रुबाची." बोलता बोलता भुजंगाचा आवाज खाली आला. घरातलं काय काय घरातच राहिलं, ते त्याला तिथं खुर्चीवर बसल्या बसल्या समजलं.

डॉक्टर वाईट माणूस नव्हते. त्यांनी पाणी मागवलं. डोळ्यांच्या आतला पडदा कडेपासून मरत येतो, म्हणाले. मधला उजेड सगळ्यात शेवटी जातो, काही वर्षं हातात आहेत, पण गेलेलं परत येणार नाही. सासऱ्यांना हेच असणार. बायकोला स्वतःला त्रास नसला तरी बापाकडून आलेलं तिच्या रक्तात असणारच. होणाऱ्या बाळाचं निम्मं निम्मं. होईल किंवा होणार नाही. लहानपणी दिसून येत नाही, मोठं होता होता कळतं, नजर ठेवा.

परतताना गंगाखेडच्या पुढं ऊस भरलेल्या गाड्यांच्या मागं बस अडून राहिली, तेव्हा भुजंग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "त्या हिरीपाशी लय मारलं मी तुला." रामप्रसाद म्हणाला, "जाऊ द्या आबा." गावात उतरताना भुजंगानं त्याचा हात धरला. मोठं झाल्यापासून बापानं त्याचा हात असा धरला नव्हता, आणि रामप्रसादला वाटलं, की बस मागं वळावी आणि कुठंही जावी, पण ह्या हातातून आपल्याला सोडवावं.

घरी केवळाबाईनं सगळं ऐकलं आणि छाती बडवून घेतली. भाची सून म्हणून आणली, ह्याचं तिनं गावभर कौतुक केलं होतं. आता ती ओट्यावर बसून एकदा भावाकडं आणि एकदा लेकाकडं बघत होती, आणि दोघांपैकी कुणालाही ती पुरती दिसत नव्हती.

सविता आत पिशवी भरत होती. रामप्रसाद दारात उभा राहिला.

"आबानं सांगितलं?"

"बाबानं सांगितलं," ती म्हणाली. आश्रुबानं. "डॉक्टर काय म्हनले लेकराचं?"

खोटं बोलायचं त्यानं एस.टी.तच ठरवलं होतं. पण ती त्याच्या नाकासमोर उभी होती, तेवढंच त्याला लख्ख दिसत होतं, आणि तिथं त्याला खोटं बोलता आलं नाही.

"निम्मं निम्मं म्हनले."

सवितानं पोटावर हात ठेवला. रडली नाही. पुन्हा लुगड्याची घडी घालायला लागली.

"उद्या मी पडदा परत द्यायलोय," रामप्रसाद म्हणाला. "माणिकराव घेतील काही कमी करून. आपला चुकलाच तो. जेवढी मेंढरं येतील तेवढी आनू. लेकराच्या नावाला कोकरू तरी व्हईल."

"नका देऊ."

त्याला वाटलं, आपण ऐकण्यात चुकलो.

"त्याच्यावर तुमी दाखवलं व्हतं ना मला," ती म्हणाली, "सरावाचा खेळ. मधी फुली, आन् कडंनं कुठून बी लाल ठिपका येतो. दिसला की टिपायचा."

"हाय की."

"मग ऱ्हाऊ द्या. जुन्या डबड्यावर कडाच न्हाईत, त्याच्यावर काय कळनार? ह्यो मोठा हाय, कडा लांब हायत. लेकरू बसायला लागलं, बोलायला लागलं, की त्याला ह्याच्यापुढं बसवू. दर साली बसवू. दीपिकाला बी बसवू. खेळ म्हनून खेळतील. कडंचं दिसतंय तवर दिसतंय." तिचा आवाज पहिल्यांदा फुटला. "मला एडक्याची वाट न्हाई बघायची."

महिनाभर रामप्रसादनं त्या पडद्याचा एकेक गुण पारखला होता, निम्मा वाडगा रिकामा केला होता, आणि तो कामाचा आहे का शोभेचा, ह्या बापाच्या प्रश्नाचं उत्तर असं मिळालं होतं.

बाहेर मामाचा पुतण्या हाका मारायला लागला. बसची वेळ झाली होती. सवितानं पिशवी उचलली. ओट्यावरून उठताना आश्रुबानं हात पुढं केला आणि तिनं तो आपल्या खांद्यावर ठेवून घेतला. दीपिका फाट्यापर्यंत पोचवायला गेली. रामप्रसाद दारापर्यंतच गेला. सविता उजव्या हाताला वळली, आणि वळली तशी दिसेनाशी झाली.

मग त्यानं पडदा बंद केला, पुसला, थर्माकोल लावून खोक्यात घातला. खोकं जड होतं. भुजंग पुढं आला आणि दोघांनी मिळून ते माळ्यावर चढवलं. तिथं रामप्रसादचा जुना पाळणा होता. खोकं त्यांनी त्याच्याशेजारी ठेवलं.